हळदीचा कागद लाल का होत नाही?

प्रश्न : अंगणवाडीत हळद लावलेल्या कागदाच्या पट्ट्या केल्या. मुलांनी त्या भांड्यांच्या लिक्विडात बुडवल्या, पण रंग बदललाच नाही. खायच्या सोड्याने जेमतेम नारिंगी झाला. कुठे चुकलं? मुलं ४ ते ६ वर्षांची आहेत.
— अंगणवाडी सेविका, मिरज तालुका

उत्तर : ताई, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद तुमच्या दारात आहे, तेव्हा हळदीवर शंका नको. चूक लिक्विडाची आहे. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य आम्लारीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या साबण-चुन्यासारख्या पदार्थात, लाल होतं आणि भांड्यांची बरीच लिक्विडं हात खराब होऊ नयेत म्हणून जवळपास उदासीन, म्हणजे ना आम्ल ना आम्लारी, ठेवलेली असतात. खायच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-आम्लारी मोजायचा आकडा; ७ म्हणजे उदासीन, त्यावर आम्लारी) ८.३ च्या आसपास असतो. हळदीचा रंग तिथे नुकता पालटायला लागतो, म्हणून तो अर्ध्यावर नारिंगी राहिला. कपडे धुण्याच्या साबणाची वडी किसा. एक चमचा कीस अर्ध्या वाटी कोमट पाण्यात विरघळवला की काम होतं.

लेपासाठी चहाचा एक चमचा हळद आणि चार चमचे पाणी घ्या. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पूड तळाशी बसते, म्हणून दर वेळी ढवळून मगच ब्रश फिरवा. वहीचा गुळगुळीत कागद रंग पीत नाही. टिपकागद किंवा चित्रकलेचा जाडसर कागद घ्या. वाळवायचा मात्र सावलीतच. हळदीचा डाग उन्हात विटतो, तसा हा कागदही विटतो. वाळल्यावर सुटी पूड झटकून टाका.

आणि पट्ट्या बुडवण्यापेक्षा चित्र काढू द्या. कानकोरणीच्या कापसाचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या कागदावर रेघ ओढली की ती लाल उमटते. ‘आता लाल होईल’ असं आधी सांगून टाकू नका, सगळी मजा तिथेच संपते. ‘काय होईल?’ एवढंच विचारा आणि येईल ते उत्तर ऐकून घ्या. मग लाल रेघेवर लिंबाचा थेंब टाकायला द्या, रेघ पुन्हा पिवळी होते. मुलं परत साबण लावतील, परत लिंबू पिळतील. प्रयोग खरा हाच आहे, त्याला वीस मिनिटं सहज द्या. पुढे ताक, चिंचेचं पाणी त्यांचं त्यांना सुचू द्या. मुका मार लागल्यावर घरी लावतात तो हळद-चुन्याचा लेप लाल का दिसतो, हा प्रश्न मग एखादं मूल आपणहून विचारेल.

चुन्याच्या निवळीने सर्वांत गडद लाल येतो, पण ती या वयाच्या मुलांच्या हाती नको. डोळ्यात गेली तर इजा होते. दाखवायचीच तर दोन थेंब तुम्ही स्वतः टाका.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी म्हणते, ‘जड वस्तू बुडते.’ घनता समजावून सांगितली, तिला पटत नाही.
— पालक, वाई

उत्तर : घनता सध्या बाजूला ठेवा. टबात आधी चिंचोका टाका, मग अख्खं कलिंगड. चिंचोका तळाला जातो, कलिंगड तरंगतं. तिचा नियम तिच्या डोळ्यांदेखत मोडतो, आणि ते काम तुमच्या शब्दांनी होणार नव्हतं.

नंतर प्लॅस्टिसिनचा, म्हणजे खेळायच्या तेलकट मातीचा, लिंबाएवढा गोळा द्या. शाडू नको, तो पाण्यात सुटतो. गोळा बुडतो, त्याचीच दोन सेंटिमीटर काठाची पातळ वाटी केली तर तरंगते. ही वाटी म्हणजेच तिची नाव. ती बुडाली तर बहुधा तळ जाड राहिलेला असतो किंवा काठाला चीर असते. ओली चीर जुळत नाही, प्लॅस्टिसिन पुसून कोरडं करूनच दाबा. मग नावेत एकेक चिंचोका ठेवत मोजायला सांगा. सगळे एका बाजूला पडले की नाव लवकर कलंडते. मधे ठेवायचे हे ती दोन-तीन बुडीनंतर स्वतःच शोधून काढेल. तेवढा वेळ टबाजवळून हलू नका आणि खेळ संपताच पाणी ओतून टाका.