अमेरिकेतल्या छोट्या गावातलं पब्लिक हायस्कूल कसं असतं? ते सुरू कसं झालं आणि तिथे अभ्यास नीट होतो का?

तुमच्या मिस्टरांना आयोवा राज्यातल्या तीन-साडेतीन हजार वस्तीच्या गावात नोकरी लागली आहे, मुलगी नववीत जाणार आहे, गावात हायस्कूल एकच आणि तेही सरकारी. 'तिथे अभ्यास नसतो, नुसते खेळ असतात' असं कुणीतरी सांगितल्यामुळे तुम्ही काळजीत आहात. मी आयोवातल्याच अशा एका शाळेत बारा वर्षं गणित शिकवते आहे. त्याआधी महाराष्ट्रात नववी-दहावीला शिकवत होते. दोन्हीकडचे वर्ग जवळून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'सरकारी' या शब्दाचं बघू. आपल्याकडे सरकारी शाळा म्हटलं की वरून आलेला जीआर, बदल्या, साहेबांची तपासणी डोळ्यांसमोर येते. इथली शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट'ची असते. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एक गाव आणि भोवतालची शेतं, किंवा दोन-चार गावं मिळून झालेली ती स्वतंत्र संस्था असते. तिचं मंडळ गावातले मतदार निवडून देतात आणि आयोवात या सभासदांना मानधनही मिळत नाही. आमच्या मंडळात मका-सोयाबीन करणारे शेतकरी आहेत, दाताचे डॉक्टर आहेत, एक निवृत्त नर्सबाई आहेत. खर्चाचा मोठा भाग राज्य देतं आणि बाकीचा बराचसा घरांवरच्या, जमिनींवरच्या करातून येतो.

नवी इमारत बांधायची तर कर्जरोखे काढावे लागतात आणि त्यासाठी आयोवात ६० टक्के मतं लागतात. आमच्या प्रयोगशाळेसाठी पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा ५७ टक्के लोक 'हो' म्हणाले आणि ठराव पडला. त्या रात्री आमच्या केमिस्ट्रीच्या बाई जिममधल्या बाकावर कितीतरी वेळ नुसत्या बसून होत्या. दोन वर्षांनी पुन्हा मतदान झालं आणि या वेळी ठराव पास झाला. मधल्या काळात याच शाळेत एका वर्गात शिकलेले तिघं, आता चाळिशीतले, घरोघरी जाऊन लोकांना जुनी लॅब बघायला बोलवत होते. ही शाळा कुणाची, हे मला त्या दोन वर्षांत कळलं.

आता इतिहास. तो माहीत असला की आजचा अभ्यासक्रम असा का, हे आपोआप कळतं.

१७८५ च्या जमीन कायद्याने नव्या मुलखाची मोजणी सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत झाली. प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग पाडले आणि १६ व्या भागाचं उत्पन्न शाळेसाठी राखून ठेवलं. म्हणजे गाव वसायच्या आधी शाळेची जमीन ठरलेली होती. पण ती शाळा म्हणजे एका खोलीची, एकाच बाईंनी सगळ्या इयत्ता सांभाळायची आणि आठवीपर्यंतची. पुढचं शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांसाठी खासगी अ‍ॅकॅडमीत. पहिलं पब्लिक हायस्कूल १८२१ साली बॉस्टनमध्ये निघालं. मात्र 'लोकांच्या करातून हायस्कूल चालवायचा हक्क आहे का?' हा वाद पुढे पन्नास वर्षं धुमसत राहिला. मिशिगनमधल्या कलमाझू गावातल्या काही करदात्यांनी तर कोर्टात धाव घेतली. १८७४ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गावाची इच्छा असेल तर हायस्कूलसाठी कर लावता येतो. न्यायमूर्ती थॉमस कूली यांचा हा निकाल पुढे इतर राज्यांतही आधाराला घेतला गेला.

आयोवाचा स्वतःचा एक खटला याहून जुना आहे आणि मी तो दरवर्षी मुलांना सांगते, गणिताचा तास असला तरी. मस्कटीन गावात अलेक्झांडर क्लार्क नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थांच्या मुलीला, सुझनला, जवळच्या शाळेत घेतलं नाही. त्यांनी दावा लावला. १८६८ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वर्णावरून मुलांना वेगळ्या शाळेत पाठवता येणार नाही. सगळ्या देशासाठी तसा निकाल यायला १९५४ साल उजाडावं लागलं.

खरी लाट आली १९१० ते १९४० मध्ये. १९१० साली अमेरिकेत अठरा वर्षांच्या शंभर मुलांमागे जेमतेम नऊ जण हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत ते प्रमाण निम्म्यावर गेलं. या लाटेत आयोवासारख्या शेतकरी राज्यांतली लहान गावं मोठमोठ्या औद्योगिक शहरांच्या पुढे होती. वॉशिंग्टनहून कुणी हुकूम काढला नव्हता. पोरांनी आठवीनंतर शेतात न अडकता काही शिकावं म्हणून गावंच्या गावं स्वतःवर कर लावून घेत होती. १९१५ च्या आयोवाच्या जनगणनेत तर माणूस किती वर्षं शाळेत गेला, हेही विचारलं होतं.

आमच्या शाळेच्या लांब व्हरांड्यात तेव्हापासूनच्या प्रत्येक बॅचचे फोटो ओळीने लावलेत. प्रत्येक चौकटीत लहान लहान अंडाकृती चेहरे आणि खाली नावं. मुलगी पहिल्यांदा शाळेत जाईल तेव्हा तिला तिथल्या शाळेतली अशी भिंत दाखवा, बहुतेक जुन्या शाळांत ती असतेच. आमच्याकडच्या १९४४ च्या चौकटीत मुलींचे चेहरे भरपूर आहेत आणि मुलांचे मोजके. बाकीचे युद्धावर होते. तीच आडनावं आज माझ्या हजेरीपटावर आहेत.

नंतर आटणं सुरू झालं. ट्रॅक्टर आले, शेतं मोठी झाली, घरं कमी झाली. १९४० साली देशात सुमारे १ लाख १७ हजार डिस्ट्रिक्ट होती, आज साधारण १३ हजार उरलीत. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९५९ च्या अहवालात सांगितलं की शेवटच्या वर्गात किमान शंभर मुलं नसतील तर ते हायस्कूल चांगला अभ्यासक्रम देऊ शकत नाही. त्याचा आधार घेऊन असंख्य लहान शाळा एकत्र केल्या गेल्या. आयोवात तुम्हाला ओडबोल्ट-आर्थर-बॅटल क्रीक-आयडा ग्रोव्ह असं चार गावांचं नाव असलेली शाळा सापडेल. लांबलचक आहे खरं, पण त्यातलं एकही नाव गाळायला कुणी तयार होत नाही, कारण शाळा गेली की गावाची बेकरी, दवाखाना, सगळंच हळूहळू जातं. कोनंट यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे, असं माझं मत. अर्धं खरं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते, त्याबद्दल पुढे येतंच.

आता अभ्यास. इथे दहावीसारखी एकच मोठी परीक्षा नाही आणि सगळ्यांना तेच सात विषय नाहीत. सगळं चालतं 'क्रेडिट'वर, म्हणजे एकेक विषय पूर्ण केला की खात्यावर जमा होणाऱ्या युनिटांवर. ही क्रेडिटची पद्धत १९०६ च्या सुमाराची. कार्नेगी फाउंडेशन प्राध्यापकांना पेन्शन देणार होतं आणि ज्या कॉलेजला ती हवी त्याने प्रवेशासाठी हायस्कूलची ठरावीक युनिटं मागावीत, अशी अट होती. एक युनिट म्हणजे वर्षभरात साधारण १२० तास एक विषय. पेन्शनच्या हिशेबातून आलेलं हे माप आजही तुमच्या मुलीचं वेळापत्रक ठरवणार आहे. आयोवात हायस्कूल पूर्ण करायला इंग्रजीची चार वर्षं आणि गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं यांची प्रत्येकी तीन वर्षं लागतात. बाकीचं बरंचसं मुलं निवडतात.

आपल्या पालकांना सगळ्यात जास्त धक्का बसतो तो विज्ञानाचा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी एकाच वर्षी नसतात. बहुतेक ठिकाणी आधी बायॉलॉजी, मग केमिस्ट्री, शेवटी फिजिक्स, असा एकेका वर्षाला एकेक विषय. पुढे भारतात परतून प्रवेश परीक्षा द्यायचा विचार असेल तर हे आत्ताच डोक्यात घ्या, नंतर फार धावपळ होते.

निवडीच्या विषयांना 'टाइमपास' समजू नका. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती आणि हस्तव्यवसायाच्या शिक्षणाला केंद्राचे पैसे मिळायला लागले आणि १९२८ मध्ये शेती शिकणाऱ्या मुलांची एफएफए ही संघटना उभी राहिली. निळी कॉर्डरॉयची जाकिटं घातलेली मुलं दिसतील, ती हीच. आमच्या शेतीच्या वर्गात मुलं डुकरांच्या खाद्याचं मिश्रण काढतात: इतके टक्के प्रथिनं असलेला सोया, इतके टक्क्यांचा मका, मिळून सोळा टक्के यायला हवेत. हे समीकरण मी फळ्यावर घातलं की निम्मा वर्ग जांभया देतो. तीच मुलं तिकडे ते चुटकीसरशी सोडवतात. तेव्हापासून मी उदाहरणं त्यांच्याकडून मागून आणते.

खेळांबद्दल कुणी नाक मुरडलं असेल तर एक गोष्ट सांगते. १९२५ मध्ये आयोवाच्या शालेय क्रीडा संघटनेने मुलींच्या स्पर्धा बंद करायचं ठरवलं, तेव्हा लहान गावांचे शाळाप्रमुख अडून बसले आणि त्यांनी मुलींसाठी वेगळी संघटना काढली. सहा-सहा जणींचं त्यांचं बास्केटबॉल १९९३ पर्यंत चाललं आणि राज्य स्पर्धेला अख्खी गावं लोटायची. शेतावरच्या मुलींना हजारो लोकांसमोर मान मिळायचा तो शाळेमुळे. तुमची मुलगी बँडमध्ये, वादविवादात, नाटकात किंवा संघात जाणार असेल तर जाऊ द्या. एका इयत्तेत मिळून पस्तीस-चाळीसच मुलं असलेल्या शाळेत 'तुझी निवड झाली नाही' हे वाक्य क्वचितच ऐकायला मिळतं. शहरातल्या दोन हजारांच्या शाळेत तिला हे मिळालं नसतं.

आणि आता कोनंट यांचं अर्धं खरं. लहान शाळेत विषय कमी असतात, हे मी लपवणार नाही. एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे कोर्स आमच्याकडे मोजकेच आहेत. परदेशी भाषा एकच, स्पॅनिश. फिजिक्सच्या सरांनी नोकरी सोडली की वर्षभर दुसरा माणूस मिळत नाही. यावर आयोवात चांगला उपाय आहे: हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचे) कोर्स घेता येतात आणि त्यांची फी डिस्ट्रिक्ट भरतं. माझी एक विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी असं कॅल्क्युलस शिकली. वर्गात तिघंच होती. लायब्ररीमागची छोटी खोली, मधे एक टेबल, त्यावर तिघांच्या वह्या. चुकलेली प्रत्येक पायरी मला त्याच क्षणी दिसायची. महाराष्ट्रात सत्तर मुलांच्या वर्गात मला हे कधीच जमलं नव्हतं आणि त्याची खंत आजही आहे.

पण तिथवर पोचायचं तर नववीतच एक गोष्ट करावी लागते आणि तुमच्यासाठी या उत्तरातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. नववीत मुलांना सहसा अल्जिब्रा-१ देतात. मग जॉमेट्री, अल्जिब्रा-२, प्रीकॅल्क्युलस, आणि चार वर्षं संपली. कॅल्क्युलस राहूनच जातं. आपल्याकडे आठवी झालेल्या मुलीने एकचल समीकरणं, बैजिक राशींचे अवयव हे केलेलं असतं. म्हणून शाळेत नाव घालतानाच 'गणिताची प्लेसमेंट टेस्ट घ्या' असं स्पष्ट मागा. पास झाली तर थेट जॉमेट्री मिळते. कुणी आपणहून विचारेलच असं नाही. दुर्लक्ष म्हणून नव्हे, त्यांना आपला आठवीचा अभ्यासक्रम माहीत नसतो. तिची सातवी-आठवीची गणिताची पुस्तकं सोबत आणा आणि अनुक्रमणिकेचं इंग्रजी भाषांतर करून ठेवा. माझ्यासमोर कुणी अशी अनुक्रमणिका ठेवली तर माझं काम पाच मिनिटांत होतं.

घरी मराठी बोलता असं अर्जात लिहिलंत तर तिची इंग्रजीची चाचणी होईल. त्याने वाईट वाटून घेऊ नका आणि मराठी लपवूही नका. १९७४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे, ज्यांना इंग्रजी कमी येतं त्यांना मदत करणं शाळांवर बंधनकारक आहे, ती चाचणी त्यासाठीच असते. पत्त्याचा पुरावा, लसीकरणाच्या नोंदी आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका हाताशी ठेवा.

आयोवात कायद्याने २३ ऑगस्टच्या आधी शाळा सुरू करता येत नाही, पण वेळापत्रकं त्याच्या बरीच आधी भरतात. शक्य असेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचा आणि फोन करून काउन्सेलरची, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराची, वेळ घ्या. मुलीला बरोबर न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या. चाचणीआधी काही सराव हवा असेल तर इथेच खाली लिहा, मी उदाहरणं पाठवते.