वाचक विचारतात : रुग्ण गाडीत असताना पोलिसांनी थांबवले तर?

प्रश्न : रात्री वडिलांच्या छातीत कळ आली, म्हणून त्यांना गाडीत घालून दवाखान्याकडे निघालो. अजनी चौकात लाल सिग्नल ओलांडला. अडवणाऱ्या पोलिसाने, वडील मागच्या सीटवर घामाने भिजून कण्हत असतानाही, कागदपत्रे तपासण्यात दहा मिनिटे घालवली. कायदा इतका कठोर आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपले वडील त्या दहा मिनिटांत काय सोसत होते, हे वाचून मन कळवळले. रुग्ण नेणाऱ्या खासगी गाडीला रुग्णवाहिकेसारखी सिग्नल ओलांडण्याची मुभा नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात येते, हे खरे. पण चालान त्याच जागी, त्याच क्षणी पूर्ण झालेच पाहिजे, असे नाही. गाडीचा क्रमांक टिपून ई-चालान नंतरही पाठवता येते. म्हणजे दंड करायचाच असला, तरी रुग्णाला खोळंबून ठेवण्याचे कारण उरत नाही. मागच्या सीटवर एकदा टॉर्च मारून पाहिले असते, तरी निर्णय झाला असता. माझ्या मते पुढच्या चौकापर्यंत वाट करून देणे हेच तेव्हाचे कर्तव्य होते.

भरतीची पावती आणि केसपेपर जपून ठेवा व वेळ नमूद करून वाहतूक शाखेकडे लेखी अर्ज करा. परवाना डिजिलॉकरमध्ये ठेवलेला चालतो. मात्र छातीत कळ आल्यास आधी रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा, कारण त्या गाडीत ऑक्सिजन असतो.