हॅप्टिक बटणांबद्दल: व्हॉल्यूमचं चालेल, पॉवरचं नको

प्रश्न थोडक्यात असा आहे की आईच्या फोनचं पॉवर बटण आत बसलंय, दुकानदार पट्टी बदलायला सांगतोय, आणि आता न हलणारी, दाबल्यावर नुसता झटका देणारी हॅप्टिक बटणं येणार असं वाचलंय तर नवा फोन घ्यायला थांबावं का, कारण ती बटणं म्हणे खराबच होत नाहीत. मी बरीच वर्षं मोबाईल रिपेरिंग करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल तर पूर्ण वाचा.

साधं बटण म्हणजे बाहेर एक कॅप, आत फ्लेक्सची, म्हणजे वाकणाऱ्या सर्किटची पातळ पट्टी आणि तिच्यावर टिकलीएवढा स्टीलचा फुगीर पत्रा. दाबलं की पत्रा आत वाकतो, टिक् लागतं, सर्किट जुळतं, सोडलं की पत्रा परत उसळतो. बोटाला लागणारं टिक् आणि प्रत्यक्ष स्विच या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. टिक् लागलं म्हणजे काम झालं.

हॅप्टिकमध्ये नेमकी हीच जोडी तुटते. दाब मोजणारा सेन्सर वेगळा, टिक् देणारी मोटर वेगळी, आणि मधे चिप ठरवते की हे खरंच दाबलं का नुसतं धरलं. २०१५ पासून ॲपलच्या बऱ्याच मॅकबुक लॅपटॉपचा ट्रॅकपॅड असाच आहे. कोणाकडे असेल तर पूर्ण बंद करून दाबून बघा, काच दाबल्यासारखं लागेल, टिक् अजिबात येणार नाही. चालू केलं की तीच काच खाली गेल्यासारखी वाटते, आणि आतलं चुंबक खरं तर तिला आडवं हलवत असतं! बोटाला दिशा नीट कळत नाही, फक्त झटका कळतो. तो झटका लगेच सुरू होऊन लगेच थांबला पाहिजे, म्हणून मोटर चांगलीच लागते. स्वस्त फोनमधली वजन गरगर फिरवणारी मोटर वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लावते, तिथे टिक् नाही, नुसती घरघर येते. म्हणजे ही बटणं आली तरी स्वस्त फोनमध्ये तशीच लागतील अशी अपेक्षा ठेवू नका.

मोटरचं गणित ॲपलने २०१६ च्या आयफोन ७ च्या होम बटणात बऱ्यापैकी सोडवलं होतं, झटका किती जोरात हवा तेही तीन पर्यायांतून निवडता यायचं. अडचण खरी आहे ती बाजूच्या बटणांची, कारण होम बटणावर बोट मुद्दाम जातं पण फोनच्या कडा आपण सतत धरूनच असतो. खिशातून काढताना, स्कूटरच्या होल्डरमध्ये अडकवताना, आडवा धरून फोटो काढताना दाब येतोच. हलक्या दाबाला चालेल असं ठेवलं तर उगाच व्हॉल्यूम बदलणार, जोर लागेल असं ठेवलं तर माणूस दोनदोनदा दाबत बसणार. २०१८ मध्ये एचटीसी यू१२ प्लसमध्ये दिसायला बटणं, पण हलत नाहीत, असा प्रकार आला तेव्हा नेमकी हीच ओरड झाली आणि सॉफ्टवेअर अपडेट देऊन सावरावं लागलं. हुवावेने मेट ३० प्रोमध्ये व्हॉल्यूमची बटणं काढून कडेवर दोनदा टॅप करायची सोय दिली आणि पुढच्याच मेट ४० प्रोमध्ये बटणं परत आणली. पॉवर बटण मात्र त्यांनी तेव्हाही साधंच ठेवलं होतं, यातच सगळं आलं. आयफोन १५ प्रोला हॅप्टिक बटणं येणार अशी जोरदार चर्चा होती, पण एप्रिल २०२३ मध्ये विश्लेषक मिंग-ची कुओ यांनी सांगितलं की तांत्रिक अडचणींमुळे बेत रद्द झालाय, आणि फोन साध्या बटणांसहच आला.

आता पॉवर बटणाचं. साध्या फोनमध्ये ही की थेट पॉवर आयसीला, म्हणजे वीज सांभाळणाऱ्या चिपला जाते, फोन कितीही हँग झालेला असो, दाबून धरलं की रीस्टार्ट होतो, त्यात अँड्रॉइड किंवा आयओएसचा काही संबंध नाही. हॅप्टिक पॉवर बटण केलं तर दाब ओळखायला एक छोटी चिप फोन बंद असतानाही जागी ठेवावी लागते, बॅटरी पार उतरल्यावर काय ते वेगळंच, आणि ती चिपच अडकली तर फोन उठवायचा कसा? हे काल्पनिक नाही. आयफोन ६एसपर्यंत होम आणि पॉवर एकत्र धरून फोन रीस्टार्ट व्हायचा, ७ मध्ये होम बटण न हलणारं झालं आणि ॲपलला ते काम व्हॉल्यूम कमी करायच्या बटणाकडे द्यावं लागलं, म्हणजे हलणाऱ्या बटणाकडे.

खराब होत नाहीत म्हणाल तर पत्रा पिचकत नाही हे खरं, पण तुटतात तेव्हा जास्त महागात पडतात. आयफोन ७ आणि ८ चं होम बटण बोर्डशी जुळवलेलं असतं, बाहेर दुसरं बसवलं तर टच आयडी (बोटाच्या ठशाने उघडणं) तर जातोच पण साधं होम स्क्रीनवर येणंही बंद. नंतर ब्लूटूथवर चालणारी पर्यायी बटणं आली, त्यांनी होम चालतं, बोटाचा ठसा नाही तो नाहीच. अगदी पावसात चिंब भिजलेला फोन आला तरी साध्या बटणाची पट्टी मी शांतपणे बदलू शकतो, जुळवलेल्या भागापुढे आमच्यासारख्यांचे हात बांधलेले असतात, आणि गिऱ्हाइकाला हे सांगताना फार वाईट वाटतं कारण चूक त्याची नसते.

पाण्याचा मुद्दा पण बघा. बटणं गेली की फोन वॉटरप्रूफ होईल असं सगळे लिहितात. पण त्याच आयफोन ७ ला आयपी६७ हे पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन मिळालं तेव्हा त्याची पॉवर आणि व्हॉल्यूम दोन्ही बटणं हलणारीच होती, रबरी सील नीट बसवलं की पाणी आत जात नाही. आज आयपी६८ वाले फोनही हलणाऱ्या बटणांचेच आहेत. हां, भोकं कमी झाली तर कंपनीला बनवायला सोपं जाईल हे मान्य.

आणि ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांच्यासाठी उंचवटा हवाच. सपाट कडेवर बटण शोधायचं कसं? वयस्कर माणसांचंही तेच, आणि त्यांची बोटं कोरडी असतात त्यामुळे नुसत्या स्पर्शावर चालणारं बटण कधीकधी दादच देत नाही.

त्यामुळे माझं मत विचाराल तर व्हॉल्यूमला, कॅमेऱ्याला हॅप्टिक येऊ दे, त्यात मजाही आहे, हलकं दाबून फोकस आणि जोरात दाबून फोटो असं करता येतं. पॉवर बटण हलणारंच हवं.

आईच्या फोनसाठी थांबू नका. आधी कॅपच्या कडेला कणीक, धूळ अडकली नाही ना ते मऊ ब्रशने बघून घ्या, कव्हर काढूनही दाबून बघा, बऱ्याचदा कव्हरच बटण दाबून धरतं. तरी आतच राहिलं तर पट्टी बदलून घ्या, पण आधी विचारा की मागचं झाकण उघडल्यावर सील नवीन लावणार का. नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा, आणि लावलं तरी त्या फोनला पाण्यापासून लांबच ठेवा, कंपनीसारखं सील परत होत नाही.