साताऱ्याचा शोषखड्डा आणि वॉशिंग्टनचं लायसन

ताई, तुम्ही विचारलंय की साताऱ्यात सहा वर्षं बंगल्यांचे सेप्टिक टँक आणि शोषखड्डे डिझाइन केलेत, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे सिएटलला येताय, तर इथे हेच काम करता येईल का. येईल, पण लगेच नाही.

आधी व्हिसा बघा. एल-२ (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्याच्या जोडीदाराचा) असेल तर नोकरी करता येते. एच-४ (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा) असेल तर साधारणपणे नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं.

इथे वॉशिंग्टन राज्यात शहराबाहेरच्या बऱ्याच घरांना ड्रेनेज लाइन नसते, त्यांच्या सेप्टिकच्या डिझाइनवर साधारणपणे लायसनवाल्या डिझाइनरची किंवा इंजिनियरची सही लागते. पूर्वी डिझाइनरचं हे लायसन काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) आरोग्य खात्याकडे होतं. १९९९च्या कायद्याने ते राज्याच्या इंजिनियर-सर्व्हेयर बोर्डाकडे गेलं. शिक्षणाची अट फक्त बारावीपर्यंतची शाळा पास. मेख अनुभवात आहे: जबाबदारी वाढत गेलेली चार वर्षं, शिवाय परीक्षा. योग्य विषयांचं कॉलेज त्यात दोन वर्षांपर्यंत धरता येतं, म्हणून बीईची ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून आत्ताच काढा, नंतर इथून धावपळ करणं म्हणजे डोकेदुखी.

तुमची सहा वर्षं किती धरतील हे बोर्ड ठरवेल. पण माती नव्यानेच शिकावी लागेल. इथल्या माझ्या पहिल्या ऑगस्टमध्ये मी माती तपासायच्या खड्ड्यात उतरले तेव्हा सगळं ठणठणीत कोरडं होतं. सोबतच्या डिझाइनरने चाकूने भिंत खरवडली. दोन फुटांवर करड्या मातीत गंजासारखे तांबूस ठिपके. हिवाळ्यात पाणी इथवर चढतं, असा त्याचा अर्थ. त्याखाली हिमनदीने दाबलेला, फरशीसारखा टणक थर. आपण मुरूम लागेपर्यंत खोल जातो. इथे सांडपाणी मुरवायचे चर उथळ, कारण सांडपाणी आणि भूजल यांच्यामध्ये कोरडी माती राखायची असते. घरात माणसं किती हेही कोणी विचारत नाही, बेडरूम मोजतात: प्रत्येकी दिवसाला १२० गॅलन, म्हणजे साडेचारशे लिटर.

नियम बदलायचेच तर चार वर्षं कमी करू नयेत असं मला वाटतं. त्याऐवजी कॅलेंडर मोजणं सोडून किती खड्डे पाहिले, किती डिझाइनं पास झाली ते मोजावं. अडचण अशी की आज नवख्याला अनुभवासाठी हाताखाली घेणाराच उद्या त्याचा स्पर्धक होतो. गावाकडच्या काउंटीत तो सहजासहजी कशाला घेईल? नियम बदलताना बोर्ड लोकांच्या हरकती-सूचना मागवतं. मी माझं म्हणणं तिथे कळवते, तुम्हीही कळवा.

तोवर जुन्या कामांची वही करा: तारीख, जागा, मातीचा प्रकार, तुम्ही काय ठरवलंत, वर सही कोणाची. साताऱ्यातले तुमचे साहेब निवृत्त व्हायच्या आत त्यांच्याकडून तसं पत्रही घ्या.