नाशिकजवळच्या ओढ्यात चाळणी लावली तर डायनासोरच्या काळातले शार्कचे दात मिळतील का?

नाही मिळणार. मीही एक पावसाळा चाळणी घेऊन दारणेच्या काठाने हिंडलोय. पिशवीभर गारगोट्या घरी आल्या, आईने त्या कुंड्यांत टाकल्या.

गंमत अशी की आपल्याकडे काळ बरोबर आहे, दगड चुकीचा. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशियसच्या (डायनासोरांच्या शेवटच्या युगाच्या) सरत्या काळात थिजलेला लाव्हा. त्यात शार्क कुठून येणार? (लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तळ्यांचा गाळ सापडतो. मुंबईत वरळीला अशाच गाळात बेडकांचे सांगाडे मिळालेत. पण तो गाळ गोड्या पाण्याचा.)

ओढ्यात चाळणी लावून दात काढणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, तर ते बहुधा न्यू जर्सीतल्या बिग ब्रूकचे असणार. भावाकडे गेलो होतो तेव्हा एक अख्खा दिवस मी तिथे पाण्यात काढला. पाणी जेमतेम घोट्याच्या वर. काठाच्या हिरवट-काळ्या मातीत जुना समुद्रतळ आहे. पावसात ओढा काठ कापतो आणि जड दात, हाडं वळणावरच्या खडीत अडकून राहतात. म्हणून जोराचा पाऊस होऊन पाणी निवळलं की जायचं आणि खडी चाळायची. काठ खणायला मात्र तिथे बंदी आहे. पहिला तासभर मी प्रत्येक काळा खडा खिशात घालत होतो, पुतणी हसत होती. मग डोळा बसला: दाताचं टोक चकाकतं, मूळ खरबरीत असतं. शेवटी गॉब्लिन शार्कच्या गोतातले सुईसारखे तीन दात आणि एक बेलेमनाइट मिळालं. बेलेमनाइट म्हणजे माकुळासारख्या प्राण्याच्या शरीरातला बंदुकीच्या गोळीसारखा कठीण भाग. उजेडात धरला तर मधासारखा दिसतो.

आपल्या बाजूला त्या काळचा समुद्र बघायचा तर नर्मदेकडे, मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातल्या बाघ गावाला जा. बघायला हं, उचलायला नाही.

नाशिकमध्येच राहायचं असेल तर गोदावरीच्या काठचा गाळ बघा. नांदूरमध्यमेश्वरच्या भागात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले, भूशास्त्रज्ञ पिलग्रिमने १९०५ साली त्यावर लिहिलंही. काठात हाड दिसलं तर ओढून काढू नका. जागेसकट फोटो घ्या आणि भूशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला तरी दाखवा. आणि नुसता सुंदर दगडच हवा असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहेच. पांडवलेण्याच्या परिसरातल्या खाणींतले झिओलाइट (लाव्ह्याच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक) जगभरातले संग्राहक शोधत असतात, आपण मात्र तीच खडी रस्त्यावर ओततो.