खंडित पात्रता आणि वेल्डिंग ऑपरेटर

प्रश्न : बडोद्याच्या मकरपुरा भागात आमचा दाबपात्रांचा छोटा कारखाना आहे. आमचा एक वेल्डर ‘६जी’ (तिरक्या, जखडलेल्या पाइपच्या) स्थितीत स्टिक वेल्डिंगची (लेपित कांडीने जोडण्याची) परीक्षा उत्तीर्ण आहे; परंतु गेले सात महिने त्याने केवळ टिगचे (टंगस्टन कांडी व निष्क्रिय वायू वापरून जोडण्याचे) काम केले. निरीक्षकांनी त्याची पात्रता अमान्य केली, हे योग्य आहे काय? त्याला सबमर्ज्ड आर्कच्या (फ्लक्स भुकटीच्या थराखाली जोड करणाऱ्या) यंत्रावर बसवता येईल काय?

उत्तर : निरीक्षकांचे म्हणणे योग्य आहे. एएसएमई (अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांची संस्था) संहितेच्या नवव्या विभागानुसार पात्रता वेल्डिंगच्या प्रक्रियेगणिक (स्टिक, टिग इत्यादी) टिकते. एखाद्या प्रक्रियेत ६ महिने काम झाले नाही तर त्या प्रक्रियेपुरती ती संपते, मग टिगवर हात कितीही बसलेला असो. मात्र सगळी परीक्षा नव्याने द्यावी लागत नाही. स्टिकने कोणत्याही जाडीचा, कोणत्याही स्थितीतला एकच नमुना जोडून तो चाचणीत उतरला, की त्या प्रक्रियेतील पूर्वीची सारी पात्रता परत मिळते. म्हणजे ४५ अंशांत तिरका जखडलेला पाइप पुन्हा न फिरवता जोडण्याची कसरत टळते. तरीही जाडीची जुनी मर्यादा कायम राहते : मूळ नमुन्यात स्टिकचा भराव (जोडात भरलेल्या धातूची जाडी) ६ मिलिमीटर असेल, तर त्याला १२ मिलिमीटरपर्यंतच भराव करता येईल. आमच्या मते रजिस्टरमध्ये प्रत्येक वेल्डरचा प्रक्रियावार शेवटचा दिनांक लिहावा. आठवणीवर विसंबणे महागात पडते.

सबमर्ज्ड आर्कची आपोआप सरकणारी गाडी चालवणारा माणूस संहितेच्या भाषेत वेल्डिंग ऑपरेटर ठरतो, आणि त्याची परीक्षा स्वतंत्रच घ्यावी लागते.