रेड डेड 2 नंतर काय खेळायचं? आधी घोड्यावरून उतरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेड डेड रिडेम्प्शन 2 संपवलं, मग विचर 3 आणि एल्डन रिंग लावून पाहिले, दोन्ही तासाभरात काढून टाकले, तर आता त्याच तोडीचा तिसरा कुठला ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या नकाशात मोकळेपणी फिरता येणारा, गेम घ्यावा? माझं उत्तर: सध्या कुठलाच नको. मोठा नकाशा आणि घोडा असलेलं काहीही महिनाभर तरी लांब ठेवा.

रेड डेडने तुमच्या हाताला एक संथ लय लावून दिलीय. त्याचा नायक आर्थर कपाट उघडतो तेव्हा एकेक खण ओढतो, एकेक डबा उचलून झोळीत टाकतो. हरीण मारलं की कातडं सोलताना पूर्ण बघायचं, मग ते खांद्यावर टाकून घोड्यापर्यंत चालत जायचं. छावणीत धावायचं म्हटलं तरी धावता येत नाही. बंदूक वेळेवर पुसली नाही तर तिचा जोर कमी होतो. आणि घोडा! शिट्टी ऐकू जाईल एवढ्या अंतरात असेल तरच येणार, आणि मेला तर कायमचा गेला.

हे सगळं अंगवळणी पडल्यावर तुम्ही एल्डन रिंग लावता. शिट्टी वाजवली की तिथला घोडा टॉरेंट थेट मांडीखाली हजर, वर हवेतल्या हवेत दुसरी उडी मारतो. विचरमधली घोडी रोच कुठून उगवेल याचा नेम नाही, छपरावर उभ्या असलेल्या रोचचे फोटो तर लोकांनी जगभर फिरवलेत. गेम वाईट नाहीत हो. लेखनात विचर 3 मला रेड डेडच्या बरोबरीचा वाटतो. पण तिथला घोडा म्हणजे गाडी, आणि तुम्ही नुकतेच एका जनावराचा लळा लागून आलात. पहिल्या तासात सगळं खोटं वाटणारच.

शिवाय तासाभरात निकाल लावायचा तर रेड डेडचा स्वतःचा पहिला तास आठवून बघा. कोल्टरचा डोंगर, सगळीकडे बर्फ, खेळाडूला कुठे जायची मोकळीक नाही. खालच्या हॉर्सशू ओव्हरलुकच्या छावणीत उतरेपर्यंत खरा गेम उघडतच नाही. तिथे तुम्ही टिकलात, कारण पुढे काहीतरी भारी आहे हे आधीच कानावर आलेलं होतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांच्या आत खेळ थांबवला तर पैसे परत मिळतात, त्यामुळे आपल्या सगळ्यांनाच झटपट नापास करायची खोड लागलीय.

तेव्हा मधे एक छोटा, चटकन संपणारा, हाताला पूर्ण वेगळं काम देणारा गेम घ्या. माझी पहिली शिफारस रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. गंमत म्हणजे हा रेड डेड 2 च्या जेमतेम आठवडाभर आधी, ऑक्टोबर 2018 मध्ये आला. तिकडे रेड डेड बनवणाऱ्या रॉकस्टारचे जगभरचे स्टुडिओ राबत होते, इकडे लुकस पोप नावाचा माणूस जवळजवळ एकट्याने हे करत होता. साल 1807. ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता जहाज इंग्लंडमधल्या फालमथ बंदरात परत आलंय, वर एकही जिवंत माणूस नाही. तुम्ही विम्याचे तपासनीस. हातात एक वही आणि एक घड्याळ. प्रेताजवळ घड्याळ उघडलं की मरणाच्या आधीचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो. त्यात फिरून 60 जणांपैकी कोण कुणाच्या हातून आणि कसा गेला ते ओळखायचं. झोपायच्या झोळीवरचा आकडा, पायातले बूट, बोलण्याची ढब, असल्या गोष्टींवरून नावं लागतात. त्या 60 जणांत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. तिघांचं बरोबर आलं की मगच गेम सांगतो, त्यामुळे ठोकून द्यायला फारसा वाव नाही. चित्रं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, साध्या लॅपटॉपवर चालतो. दोन-तीन वीकेंडचं काम.

कोडी आवडली तर आउटर वाइल्ड्स. त्याबद्दल काहीही वाचू नका, ट्रेलरसुद्धा नको. तिथे हत्यार वाढत नाही, लेव्हल वाढत नाही, फक्त तुम्हाला कळत जातं. आपल्याकडचं काही हवं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी, 2020 चा. देखणा आहे, गोलूला शोधत निघालेली त्याची बहीण लक्षात राहते, शेवट मात्र मधेच तुटल्यासारखा वाटतो. सेलमध्ये घ्या.

रेड डेडचा पहिला भाग लगेच लावायचा मोह होईल. कथा तिथेच पुढे जाते, 1911 मध्ये, आणि ऑक्टोबर 2024 पासून तो पीसीवरही आहे. पण तो मूळचा 2010 चा. आर्थर हे पात्रच तेव्हा लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या भागाचा नायक जॉन मार्स्टन अख्ख्या गेममध्ये त्याचं नाव काढत नाही. दुसरा भाग संपवून डोळे ओले असताना हे फार लागतं. खेळा जरूर, पण सावकाश.

महिन्याभराने घोडा हवासा वाटला तर विचरच्या आधी किंगडम कम: डिलिव्हरन्स. तुमची संथपणाची भूक भागवेल असा माझ्या माहितीत तोच. 1403 चं बोहेमिया (आजच्या चेकियातला भाग), हेन्री हा लोहाराचा पोरगा. त्याला वाचता येत नाही, पुस्तक उघडलं तर अक्षरं उलटसुलट दिसतात, लेखनिकाकडे जाऊन शिकल्यावरच नीट होतात. औषध करायचं तर पाला कुटून, वाळूचं घड्याळ उलटं करून उकळत बसायचं. हवं तेव्हा सेव्ह करायचं तर त्यासाठी एक खास दारू प्यावी लागते! सुरुवातीला मार फार खाल, तो गेमचाच भाग आहे. दुसरा भाग 2025 मध्ये आलाय, पण कथा सलग असल्याने पहिल्यापासून घ्या.

त्यानंतर विचर 3 पुन्हा टाका, आणि व्हेलेनमधल्या ब्लडी बॅरनचं प्रकरण पूर्ण होईपर्यंत मत बनवू नका. एल्डन रिंगचं वेगळं आहे. तिथे घोड्यापेक्षा पुन्हा पुन्हा मरणं आड येतं, आणि ते ज्याला रुचत नाही त्याला महिन्याभरानेही रुचत नाही. तो खुशाल सोडा.